सालईचा पहिला घाव

आमच्या गावात सालईच्या झाडाला पहिला घाव बायजाबाईच घालायची. ती माझी सख्खी मावशी. बपेऱ्याच्या वाटेवर, तळ्याच्या पाळीमागे सालईची सात झाडे होती. सगळे जंगल ठेक्यात गेले होते, पण ही सात गावाची. घरात बाळंतीण असली, कोणाचे सांधे धरले, कोणाच्या छातीत कफ दाटला, की त्या घरचे माणूस येऊन आजाऱ्याचे नाव सांगे. मावशी झाडाच्या एकाच अंगाला चार बोटे रुंद साल खरवडी. आठ-दहा दिवसांत डिंक पाझरून घट्ट झाला की घरच्यांनी तो काढून न्यायचा. बाळंतिणीला त्याची धुरी, सांध्यांना जवसाच्या कोमट तेलात कालवून लेप.

आजाऱ्याच्या नावाने मागितले तर नाही म्हणायचे नाही, हे ठरलेले. आणि मावशीचा घाव दिसला की पुढे कोणी काही विचारायचे नाही, हेही ठरलेले. याच भरवशावर आम्ही फसलो.

१९८१ चा उन्हाळा लागत होता. मी मावशीच्या अंगणात दोर वळत बसलो होतो. गोपीचंद आला. रंभाबाईचा मुलगा, आमच्याच गावचा. तुमसरच्या एका डिंकाच्या ठेकेदाराकडे मुकादम झाला होता.

"मावशी, मायचे गुडघे धरले. उठता-बसता रडते बिचारी."

"कवापासून?"

"महिना झाला."

"मंग आजवर काहून नाही आला गा? बायकोच्या पोलक्यासाठी तुमसर दिसते तुले, मायसाठी माहं घर नाही दिसत?"

तो मान खाली घालून हसला. म्हणाला, "दुखणं जुनं आहे मावशी, एका झाडानं भागत नाही. सातही झाडाले जरासा हात लाव."

मला तेव्हाच खटकायला हवे होते. मी दोर वळत राहिलो. मावशी कोयता घेऊन गेली आणि सातही झाडांना घाव घालून आली.

पाचव्या दिवशी पाळीवर गेलो आणि जागीच थांबलो. तीन झाडांची साल गुडघ्यापासून हात पोचेल तिथवर चहूबाजूंनी सोललेली. कातडे काढलेल्या जनावरासारखी ती उभी होती. असे सोललेले झाड जगत नाही, हे आमच्याकडे गुराख्यालाही ठाऊक. शेजारच्या वावरात तेजराम होता.

"तू इथंच होता ना बे? पाहत राहिला?"

"ठेकेदाराच्या डिंकासाठी बाहेरचे दोन माणसं लावले गोपीचंदनं. जेवाले गेले, आता येतीन," तेजराम म्हणाला. "मावशीचा घाव होता ना झाडावर. मी कायले पुसू?"

मी तसाच रंभाबाईकडे गेलो. ती मोहाखाली उकिडवी बसून फुले वेचत होती.

"काकी, गुडघे कसे आहेत?"

"माह्या गुडघ्याले काय धाड भरली? पहाटपासून दोन टोपल्या वेचल्या. तुह्या बायकोनं किती वेचल्या ते पुस."

मी सगळे सांगितले. तिने टोपली तिथेच ठेवली. "धडधाकट मायले आजारी पाडलं त्यानं?" एवढेच बोलली आणि निघाली. मी मागे पडलो, इतकी ती भरभर चालत होती.

माणसे परतली होती. कुऱ्हाड चौथ्या झाडाला लागणारच होती. रंभाबाई त्या झाडाला पाठ लावून खाली बसली.

"माय, उन्हात कायले आली?" गोपीचंद म्हणाला.

"गुडघे धरले ना माहे. आता उठता येत नाही. घाल कुऱ्हाड."

"माय, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. त्यायलेच तं दाखवून राहिली."

मजूर हसले आणि त्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवून विड्या पेटवल्या. दिवस मावळेपर्यंत म्हातारी हलली नाही. चार झाडे वाचली. तीन पुढच्या उन्हाळ्यात वाळली.

पंचांसमोर गोपीचंद ताठ उभा राहिला. "घाव बायजाबाईचा. मी चोरी केली काय?" आणि केशवराव, गावातले शहाणे माणूस, मान हलवून म्हणाले, "बायजाबाईनं पाहून घालायला पाहिजे होता." मी उठून ओरडलो, "तिनं काय पाहायचं? माय आजारी आहे म्हणणाऱ्या पोराचं तोंड?" मला खाली बसवले. गोपीचंदला कोणी एक शब्द बोलले नाही.

मावशीने मात्र तो बोल मनाला लावून घेतला. त्या दिवसापासून तिने नियम बदलला. आजारी माणूस माझ्या दारात आणा, डोळ्यांनी पाहीन, मगच घाव घालीन.

सोमाजीची आई लकव्याने पडून होती. मावशीला दाखवायला आम्ही चौघांनी तिला खाटेवर उचलून आणले, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाटेचा एक पाय माझ्या खांद्यावर होता. दारात खाट ठेवली तेव्हा म्हातारी वाकड्या तोंडाने म्हणाली, "पाहून घे बायजे, खरंच आजारी आहो मी." मावशीने तिच्या तोंडावरचा पदर नीट केला आणि कोयता घेऊन निघाली. मावशीकडे पाहवत नव्हते.

म्हातारीची खाट घेऊन परतताना चौकात गोपीचंद पान खात बसलेला दिसला. मी थांबलो. म्हणालो, "ऊठ. माह्या जागी खांदा दे."

त्याने पिंक टाकली. "नियम तुह्या मावशीचा," तो म्हणाला, "मी कायले उचलू?"