मी सगळ्यांचा फ्रीझर

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे; पण माझ्यात आइस्क्रीम शोधू नका. फरीदाबादच्या एका विद्यापीठात, सगळ्या विभागांनी मिळून वापरायच्या प्रयोगशाळेत मी उभा आहे. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असते.

मी नवा असताना पाहुण्यांना मुद्दाम माझ्यासमोर आणत. जीवशास्त्राच्या लुंबिनीने माझ्यात ओतकाम कारखान्यातल्या मजुरांच्या रक्ताच्या नळ्या ठेवल्या. भट्टीच्या धुराने त्यांच्या शरीराचे काय होते, हे तिला शोधायचे होते. खालच्या कप्प्यात भूगर्भशास्त्राच्या सुधन्वाने हिमालयातल्या एका तळ्याचा गाळ ठेवला. हळूहळू या दोघांच्या नमुन्यांनीच मी गच्च भरलो. माझ्या पाठीमागची, हवा खेळवणारी जाळी मात्र धुळीने बुजत गेली. प्रत्येकाला वाटे, दुसरा कुणीतरी साफ करील.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी माझा श्वास कोंडला आणि मशीन बंद पडले. मी भोंगा वाजवू लागलो. शेजारच्या खोलीतून लुंबिनी धावत आली. माझ्यावरचा आकडा पाहून तिचा चेहरा उतरला. उणे साठ. तिने सुधन्वाला आणि प्रयोगशाळेचे प्रमुख श्रीरंग सरांना फोन केला.

दोघे आले तोवर उणे पन्नास झाले होते. सरांनी दिल्लीतल्या एका संस्थेत जागा मिळवली; पण तिथवर न्यायला कोरडा बर्फ एकाच खोक्यापुरता होता.

"बर्फ अर्धा अर्धा वाटून घेऊ या," लुंबिनी म्हणाली.

"अर्ध्या बर्फात दोन्ही वितळतील, यार," सुधन्वा म्हणाला.

उणे पंचेचाळीस. मी आतली थंडी धरून ठेवायची धडपड करत होतो.

"तुझ्या मजुरांचं रक्त परत मिळेल का?" त्याने विचारले.

"नाही. त्यातले काही जण आता राहिले नाहीत."

सुधन्वाने खालच्या कप्प्याकडे एकदा पाहिले. "तळं तिथेच आहे. चलो, तुझ्या नळ्या भरू."

"सुधन्वा, तुझं अख्खं वर्ष जाईल," सर म्हणाले.

"माहीत आहे, सर."

त्यानेच भराभर खोके भरले. गाडी निघाली. नळ्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या तळाशी गाळाचे पाणी झाले, तेव्हा सुधन्वा ते फडक्याने पुसत होता. श्रीरंग सर माझ्यामागे गुडघ्यांवर बसून जाळीतली धूळ ओढून काढत होते.

माझी दुरुस्ती झाली. परवा लुंबिनी त्याला म्हणाली, "घाटातला बर्फ हटून तळ्याचा रस्ता उघडला की मीही येते. गाळ काढायला दोन हात जास्त."

मित्रांनो, सगळ्यांची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, असे समजू नका. माझ्यातून आपले खोके जरूर न्या. पण जाताना दार नीट लावा. आत दुसऱ्या कुणाचे तरी सर्वस्व असते.