हूलीची सही

शनिवारी दुपारी बाबांनी हाक मारली, "एस्टर, माझा ऊलचा स्वेटर दे गं."

मी स्वेटर दिला आणि सवयीनं म्हणाले, "वूलचा, बाबा."

"मेंढीला काय फरक पडतो?" ते म्हणाले आणि पुन्हा कागदांत शिरले.

आमच्या मार्लबॅचची जुनी माणसं शब्दाच्या तोंडचा ह गिळतात, वूलमधला व सुद्धा. माझं नाव हेस्टर. बाबांनीच ते हौसेनं ठेवलं आणि जन्मभर एस्टर म्हणून हाक मारली. मी शिकायला बाहेर गेले, शिक्षिका झाले, आणि सुट्टीत घरी आले की त्यांचे शब्द दुरुस्त करत राहिले. मैत्रिणींसमोरसुद्धा.

त्या दुपारी त्यांच्यापुढे चर्चच्या नोंदवह्यांची टाइप केलेली यादी उघडी होती. चर्चच्या दाराशेजारी एक लाकडी फलक आहे. अठराशे सालाआधीपासून गावात असलेल्या घराण्यांची बावीस नावं त्यावर आहेत. आमचं, हूलींचं, नव्हतं. फलक आणि यादी दोन्ही प्रॉबर्टबाईंच्या ताब्यात. "तुझी मंडळी रेल्वेचे रूळ टाकायला आली, विल्फ," असं त्या बाबांना दर नाताळात ऐकवायच्या. आम्ही इथलेच, हे बाबांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं, पण दाखवायला काही नव्हतं. सर्वांत जुना सापडलेला पूर्वज इनॉक. त्याच्या लग्नाच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं: सायलस हूली, मेंढ्यांच्या वाड्याच्या ताट्या विणणारा. हा सायलस यादीत मिळेना. अकरा वर्षं बाबा एच अक्षराखालची पानं उलटत होते.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते खुर्चीतच गेलेले होते. स्वेटर अंगात होता.

अंत्यविधीला फुलांचं चक्र आलं, त्याच्या कार्डावर 'विल्फ वूली' लिहिलेलं. फुलांच्या दुकानात फोन ईडी आत्यानं केला होता. मी तिच्यावर चिडले.

"मी नीट सांगितलं की," आत्या म्हणाली. "ऊली. दोनदा सांगितलं. ती पोरगी म्हणाली, कळलं, मेंढीच्या वूलसारखं."

कार्ड हातात धरून मी तशीच उभी राहिले. त्या मुलीनं एका खेडवळ बाईचा शब्द सुधारून घेतला होता. मीही जन्मभर दुसरं काय केलं होतं? आणि दोनशे वर्षांपूर्वी शिकूनसवरून बाहेरून इथं आलेल्या पाद्रीबुवांनी तरी 'ऊली' ऐकून दुसरं काय केलं असेल?

यादीत डब्ल्यूखाली सात वूली निघाले. बाबांनी ती पानं कधी उलटलीच नव्हती. उलटतील कशाला?

गुरुवारी मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन लग्नांच्या नोंदवहीची फिल्म मागितली. सतराशे एक्याण्णव, नोव्हेंबर. पाद्रीबुवांच्या वळणदार अक्षरात: सायलस वूली, ताट्या विणणारा, आणि कटूरा बेडोज. खाली नवरीनं सहीच्या जागी फुली मारलेली. फुलीशेजारी नवऱ्याची स्वतःची सही होती. कुऱ्हाड धरावी तशी लेखणी धरली असावी. कागद दोन ठिकाणी फाटला होता, पण पहिलं अक्षर एच होतं, दाराच्या चौकटीएवढं ठसठशीत. सायलस हूली. पाद्रीबुवांनी काहीही लिहो, त्यानं आपलं नाव बरोबर लिहून ठेवलं होतं.

मी तिथं रडले नाही. छापील प्रती काढल्या आणि सरळ प्रॉबर्टबाईंच्या दारात गेले. आत्याही आली, बोलावलं नसताना.

बाईंनी चष्मा लावला, कागद उजेडात नेला, इनॉकच्या दाखल्याशी ताडून पाहिला. सही कुणाचीही असू शकते, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग त्यांची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली. साक्षीदाराच्या जागी आणखी एक फुली होती, आणि तिच्यापुढे पाद्रीबुवांनी लिहिलं होतं: एलियस प्रॉबर्ट याची खूण.

"अगं बाई," आत्या गोड आवाजात म्हणाली. "तुमचा मूळपुरुष अंगठेबहाद्दर निघाला की. आमच्याच लग्नात जेवला आणि फुली मारून गेला."

प्रॉबर्टबाईंनी चष्मा काढून पुसला.

"रंग माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "आणि अक्षरही माझंच बरं आहे. एचनं सुरू होतं ना?"

रविवारी प्रार्थनेनंतर त्या स्वतः स्टुलावर चढल्या. आत्यानं स्टूल धरलं आणि अक्षर वाकडं जातंय म्हणून सारख्या सूचना करत राहिली. तेविसावं नाव. अर्धं गाव तिथं उभं होतं, टाळ्या कुणी आधी वाजवल्या ते कळलं नाही.

रंग ओला असतानाच मी मागच्या दारानं बाहेर, बाबांच्या थडग्यापाशी गेले. माती अजून बसली नव्हती.

"तुमचं बोलणं कधीच चुकीचं नव्हतं, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले. "मी एस्टर. एस्टर ऊली."