तिसऱ्या गुणसूत्रावरची जागा

"एवढ्या वर्षांपासून काय करून राहिली वं तू?" असं कोणी विचारलं, की सक्करदऱ्याची शामला सांगायची, "उंदरांचं काम." समोरचा हसायचा. खरं तर पाच वर्षांत तिनं एकही उंदीर हातात धरला नव्हता. विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवर उंदराचा अख्खा जीनोम उघडून ती एका जनुककुळाचा नकाशा करत होती. कुळाचं नाव सॉक्स, त्यात वीस भावंडं. ही जनुकं बाकीच्या जनुकांना कधी जागं व्हायचं आणि कधी गप्प बसायचं ते सांगतात. कोण कुठल्या गुणसूत्रावर आहे, कोणाचं नातं कोणाशी जवळचं, हे शामलानं एकेक करून लावलं होतं. सॉक्स-टू तिसऱ्यावर. गर्भात डोळे घडायचे तर उंदरात काय नि माणसात काय, त्याचा हुकूम लागतो, हे तिला पाठ होतं.

मागच्या फेब्रुवारीत तिच्या धाकट्या बहिणीला, मेघाला, मुलगी झाली. डॉक्टर बाळाच्या पापण्या उघडून बराच वेळ बघत राहिले. आत डोळे नव्हतेच.

मेघाचं सासर कळमेश्वरचं. नवरा जितेंद्र तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर, माणूस भला पण आईपुढे अबोल. बारसं झालंच नाही. मेघानंच एका दुपारी बाळाच्या कानात रितिका असं नाव सांगितलं. शामला भेटायला गेली तेव्हा सासू, सिंधूताई, तिच्यासमोर येऊन बसल्या.

"आमच्या घरात असं कधी झालं नाही. तू शिकलेली आहेस, तूच सांग, कोणाकडून आलं हे?"

"कोणाकडूनच नाही, काकू," शामला म्हणाली. "जनुकातला हा बदल बहुतेक वेळा बाळातच नव्यानं होतो. तिघांचं रक्त तपासायला देऊ. मी दाखवते तुम्हाले."

आतल्या खोलीत मेघानं तिचा हात धरला. "राहू दे नं ताई. समजून तिले डोळे येणार हायेत का?"

पण शामलानं ऐकलं नाही. बहिणीवरचा ठपका पुसून काढायचं साधन आपल्या हातात आहे, असं तिला वाटत होतं. घरात या विषयावर तिच्याहून जास्त कोणाला कळत होतं?

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. जितेंद्रनं तो न उघडता तिच्याकडे पाठवला: 'ताई, रविवारी या, वाचून सांगा.' बस काटोल रोडला लागल्यावर शामलानं तो उघडला. बदल सॉक्स-टूमध्येच होता. बापाचं रक्त स्वच्छ. आईच्या रक्तात मात्र शंभरातल्या आठेक पेशींमध्ये तोच बदल. म्हणजे मेघा स्वतः आईच्या पोटात असताना तो तिच्या काही पेशींत झाला होता. तिचे डोळे वाचले, पोरीच्या मात्र प्रत्येक पेशीत तो उतरला, तिचे नाही वाचले. शामलानं पुन्हा वाचलं. उतरून परत फिरावं, असंही तिच्या मनात आलं.

सगळे वाट पाहत होते. मेघा बाळाला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. शामलानं खरं सांगितलं. हा दोष नाही, मेघानं काही केलं नाही, हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, असं तिनं कागदावर चित्र काढून, चारदा समजावलं. सिंधूताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मायकडूनच आलं नं?"

शामलाला हो म्हणावं लागलं. जितेंद्र उठून अंगणात गेला. मेघानं मान वर केली नाही. ती बाळाचं अंगडं सारखं करत राहिली.

आठवड्यानं जितेंद्र मेघाला आणि रितिकाला माहेरी, सक्करदऱ्याला सोडून गेला. थोडा आराम होईल, म्हणाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, न्यायला कोणी आलं नाही. वडील, मनोहरराव, दोनदा कळमेश्वरला जाऊन चहा पिऊन परत आले. दुसऱ्यांदा आले ते चपलाही न काढता ओट्यावर बसून राहिले.

मेघा एकदाही चिडली नाही. शामलाला तेच सहन होत नव्हतं. शेवटी एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनंच विषय काढला.

"मेघा, मले काही तरी बोल. शिव्या दे."

मेघानं दुपटं झटकलं, तारेवर टाकलं, चिमटा लावला. "रिपोर्ट तुझ्याच हातात होता. त्यातलं इंग्रजी कोणाले समजत होतं? एवढंसं खोटं बोलली असती तर काय झालं असतं वं?"

खोटं बोलायचं शामलाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं बादलीतलं पुढचं दुपटं मेघाच्या हातात दिलं.

डिसेंबरात तिचा त्या नकाशावरचा पेपर छापायला स्वीकारला गेला. गाइडनी सगळ्या लॅबला संत्रा बर्फी वाटली. शामलानं एक तुकडा हातात घेतला आणि बाहेर जिन्यात जाऊन बसली. वडिलांचा फोन आला. मेघानं अंध मुलांच्या शाळेत रितिकाचं नाव आतापासूनच नोंदवून ठेवायची चौकशी केली होती. फॉर्मवर बापाची सही लागणार होती, आणि जितेंद्र फोन उचलत नव्हता. "तू लावून पाह्यतं का?" त्यांनी विचारलं.

तिनं लावला. पूर्ण रिंग होऊन फोन बंद झाला. तिनं परत लावला.