लोकरीचा दोर

करिया पहाटेच उठायचा आणि ओसरीपासून परसातल्या दारापर्यंत येरझारा घालू लागायचा. दाराला नाक लावायचा, परत फिरायचा, पुन्हा दाराशी. फरशीवर त्याची नखं टकटक वाजली की माझं जपात लक्ष लागत नसे. बोटं मणी ओढायची आणि मन त्या कुत्र्यामागून हिंडायचं.

बेचाळीसच्या पावसाळ्यात पोलीस प्रभंजनला घेऊन गेले, तेव्हा उंबऱ्यावरून तो एवढंच म्हणाला, "आई, करियाला सांभाळ." आता संक्रांत होऊन गेली होती. पोरगा हिंडलग्याच्या तुरुंगात होता, आणि त्याचं कुत्रं वाळून काठी झालं होतं. भाकरी पुढ्यात टाकली तर हुंगायचं आणि तोंड फिरवायचं. पुढच्या आठवड्यात आम्हाला तुरुंगात भेटीची परवानगी मिळाली होती. प्रभंजन आधी करियाचं विचारणार आणि मग आईचं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला मी काय सांगणार होते? तुझं कुत्रं उपाशी मेलं म्हणून?

त्याचा मित्र गुरुराज एकदा मागच्या दाराने आला. म्हणाला, "काकू, प्रभंजन रोज याला उणकलच्या टेकडीवर न्यायचा. तिथं नेऊन बघा. खाईल बहुतेक."

"मग तू ने की."

"माझ्या मागं पोलीस फिरायलेत. मी नेलं तर कुत्र्यालाही आत टाकतील."

आमच्या यजमानांना, म्हणजे विठ्ठलरावांना, कुत्रं न्यायला सांगायची सोय नव्हती. त्यांची सरकारी नोकरी. पोलीस आले त्या दिवसापासून घरात पोराचं नाव मोठ्याने घ्यायची बंदी होती. भिंतींना कान असतात म्हणे. असतील, पण आमच्या घरात माणसांची जीभच गेली होती. मीही 'तो' म्हणायचे, 'तिकडे' म्हणायचे, आणि पोळ्या लाटायला बसायचे. ते मला सहन होत नव्हतं, आणि दुसरं काही करताही येत नव्हतं.

मी टेकडीवर जाते म्हटल्यावर विठ्ठलराव पेपराआडून बोलले, "देवळापर्यंत जाताना दोनदा बसतेस तू."

"बसेन की. टेकडीवर दगडांना काय तोटा?"

खरी अडचण वेगळीच होती. कुत्रं शिवलं की नेसल्या लुगड्यानिशी, डोक्यावरून आंघोळ. थंडीच्या दिवसांत रोज हे कोण करणार? सुती दोर धरला तर त्यातूनही विटाळ येतो. मी आमच्या उपाध्यायांना, बाळाचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "लोकरीला विटाळ नाही." झालं. सोवळ्यातली जुनी लोकरी धाबळी फाडली, तिच्या पट्ट्यांना पीळ दिला आणि चांगला मनगटाएवढा जाड दिसेल असा दोर वळला. गुरुराज म्हणाला होता, ऊन चढायच्या आत निघा, दम लागला की थांबा, पाणी दोघांपुरतं घ्या आणि दोर मजबूत घ्या. पण दोराचं मला कुणी शिकवायचं कारण नव्हतं.

टेकडीखालच्या तळ्यापर्यंत टांगा केला. करिया पायाशी थरथरत उभा होता आणि टांगेवाला कुत्र्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. तळ्याच्या कडेने पायवाट लागली तसं ते जनावर बदललंच. कान उभे, मान पुढे, मी मागून फरफटत. वाट तशी सोपी. शेळ्या चढतात, पोरंसोरं चढतात. पण आयुष्यभर चुलीपासून तुळशीपर्यंत चाललेल्या बाईला सोपी वाटही जड जातेच. वहाणेत कुसळं शिरली, छातीत भाता चालू झाला. थांबायला हवं होतं. पण खाली गवत कापणाऱ्या दोन बायका माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होत्या, आणि त्यांच्यासमोर बसायला माझा जीव राजी होईना.

वळणावर करियाने एकदम उसळी मारली. धाबळी माझ्या सासूबाईंच्या वेळची, विरलेली. दोर हातातच तुटला. करिया झुडपांत शिरला आणि दिसेनासा झाला.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. विटाळाला भिऊन मी त्या मुक्या जिवाच्या गळ्यात चिंध्या बांधल्या होत्या. पदर खोचला आणि चढत सुटले. कुठे हाताने धरून, कुठे बसत, कुठे घसरत. "करिया! बा इल्ली! बा रे!" गल्लीतली पोरं त्याला अशी 'इकडे ये' म्हणून कन्नडात हाक मारायची, मीही मारली. काही हललं नाही. माथ्यावर पोचले तर नुसतं वाळलं गवत आणि वारा. खाली तळं, पलीकडे हुबळीची घरं, कुठेही काळा ठिपका नाही. भेटीला जाऊन मी कोणतं तोंड दाखवणार होते? सांभाळ म्हणाला होता. एवढंच तर म्हणाला होता.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पोटातून कळ यावी तसा आवाज आला.

"प्रभंजन!"

इतक्या महिन्यांत ते नाव तोंडातून बाहेर पडलं नव्हतं. एकदा पडल्यावर मला थांबता येईना. प्रभंजन, प्रभंजन म्हणून मी त्या माळावर ओरडत राहिले. कुणी ऐकलं तर ऐकू दे.

गवत सळसळलं. उतारावरून करिया जिवाच्या आकांताने धावत येत होता, गळ्यात दोराचा तुकडा हेलकावत. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. माझ्या मागे गेला, दगडामागे गेला, माझ्याभोवती गरागरा फिरला, पुन्हा वाटेच्या तोंडाशी जाऊन खाली बघितलं. मग हळूहळू परत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागला.

त्या नावाने मी त्याला फसवलं होतं. तो मला चिकटून बसला तेव्हा त्याची बरगडी न् बरगडी माझ्या हाताला लागली. मी त्याची मान दोन्ही हातांनी धरली.

"नाही आला रे," मी म्हटलं. "मला पण तोच पाहिजे."

तो कण्हला आणि त्याने डोकं माझ्या मांडीवर टाकलं. ऊन चढलं. मग मी बरोबर आणलेली भाकरीची पुरचुंडी सोडली, एक तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडाशी धरला. त्याने हुंगला, माझी बोटं चाटली आणि खाल्ला.

दुसरा तुकडा मोडला आणि त्याच ओल्या हाताने मी माझ्या तोंडात घातला.