पुलापलीकडचा पगार

आकडा अहवालाच्या सातव्या पानावर होता. एकवीस हजार चारशे डॉलर. मार्ला झेलेन्काने तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. ती शिकवत असलेला वैद्यकीय प्रयोगशाळेचा कोर्स पास होऊन तीन वर्षं झालेल्या मुलांची वर्षाची मधली कमाई, असं वर लिहिलं होतं. शेजारच्या रकान्यात हायस्कूलनंतर शिक्षण सोडलेल्यांची कमाई होती, चौतीस हजार. आणि त्याच्या शेजारी एक लाल चौकोन.

"म्हणजे आपल्याकडे दोन वर्षं शिकलं की माणूस तेरा हजारांनी गरीब होतो," कॉलेजचा डीन गारलंड प्रुइट म्हणाला. "हे जाहिरातीत घालू या का?"

"गारलंड, हा आकडा चुकीचा आहे."

"असेल. पण आला राज्याच्या राजधानीतून आहे."

लाल चौकोनाचा अर्थ दोघांना माहीत होता. ज्या कोर्सचा खर्च वसूल होत नाही, त्याचे प्रवेश ऑगस्टपासून बंद. एकोणीसशे विद्यार्थ्यांच्या त्या सरकारी कॉलेजात तीन कोर्स लाल झाले होते. बाकीच्या दोन कोर्सबद्दल मार्लाला फारसं माहीत नव्हतं. आपल्याबद्दल मात्र तिला खात्री होती. प्रयोगशाळेत ती मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायची: समोर हसत बसलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम नऊ दिसलं, तर डॉक्टरला फोन करू नका, आधी नमुना बघा. असा आकडा असलेला माणूस हसत बसत नाही.

"हरकत घ्यायला दहा दिवस आहेत," गारलंड म्हणाला. "मी सही करीन. आशा मात्र करणार नाही. वय झालं माझं."

मार्ला आपल्या खोलीत गेली तेव्हा दाराशी ट्वायला मार्कम उभी होती. ती गावातल्या सुपरमार्केटच्या बेकरीत कामाला होती, वय एकोणचाळीस. पहाटेची पाळी संपवून थेट आलेली, कोपरापर्यंत पीठ. ऑगस्टच्या तुकडीत तिला प्रवेश मिळाला होता.

"मॅडम, बसत नाही. खुर्ची पांढरी होईल. मला एकच सांगा. मॅनेजर मला बेकरीची मुख्य करतोय. तासाला साडेसतरा. पंधरा तारखेपर्यंत हो की नाही सांगायचंय. हा कोर्स खरंच परवडतो का?"

मार्लाने कागद ओढला. असे प्रश्न तिला आवडत, त्यांना उत्तर असतं म्हणून. बेकरीची मुख्य झाली तर वर्षाला छत्तीस हजार चारशे. शिकायचं तर अर्धवेळ काम, म्हणजे पंधरा हजार. वर सरकारी मदत वजा जाता वर्षाला एकोणतीसशे फी. दोन वर्षांचं नुकसान साधारण साडेअठ्ठेचाळीस हजार. पुढे प्रयोगशाळेत लागली की त्रेपन्न हजार, म्हणजे बेकरीपेक्षा वर्षाला साडेसोळा जास्त.

"तीन वर्षांत भरून निघतं," ती म्हणाली. "त्यापुढचं तुझं."

"तेव्हा मी चव्वेचाळीस. ठीक आहे. गुडघ्यांनाही भट्टीपुढून सुट्टी." ट्वायला दाराकडे वळली आणि थांबली. "सगळं नक्की आहे ना? म्हणजे, कोर्स सुरू होणार ना?"

मार्लाचा हात अहवालावर होता. "पंधराच्या आत नक्की सांगते," ती म्हणाली.

खोटं न बोलता जेवढं देता येत होतं तेवढं हेच होतं, आणि ते तिला दुपारभर टोचत राहिलं.

तिने दार लावलं आणि त्या आकड्याला भागायला घेतलं. आठवड्याला चाळीस तासांनी काहीच जुळेना. मग तिला शनिवार-रविवार आठवले. सोळा तास, बावन्न आठवडे, आठशे बत्तीस. एकवीस हजार चारशे भागिले आठशे बत्तीस. पंचवीस डॉलर बाहत्तर सेंट. गावातल्या क्लिनिकमध्ये प्रयोगशाळेच्या माणसाला तासाला पंचवीस पंचाहत्तर देतात, हे तिला पाठ होतं. जाहिरात तिनेच फळ्यावर लावली होती.

मग सगळं सरळ झालं. तिची बहुतेक मुलं ओहायो नदीच्या पलीकडे, दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी करत. शनिवार-रविवारी पूल ओलांडून इकडच्या क्लिनिकमध्ये जादा पाळी करत. राजधानीतलं ऑफिस पगार बघायचं ते बेकारी विम्याच्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी फक्त याच राज्यातले मालक पाठवत. पुलापलीकडचे पाच दिवस ऑफिसला दिसतच नव्हते. चौदा मुलांमधली अकरा त्यांना सापडली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांची फक्त जोडकमाई.

"म्हणजे त्यांनी शेपूट मोजलं आणि लिहिलं की गाय दोन फुटांची," गारलंड म्हणाला. पहिल्यांदाच तो ताठ बसला होता.

उपाय एकच होता. मुलांच्या पगाराच्या चिठ्ठ्या. नियमाप्रमाणे निम्म्यांच्या तरी हव्या होत्या. मंगळवार ते गुरुवार मार्ला फोन करत राहिली. कुणी फोन उचलला नाही, कुणी नंबर बदलला होता. एकाने तर ही फसवाफसवी समजून खात्री करायला तिला कॉलेजातल्या मांजराचं नाव विचारलं.

शुक्रवारी ती अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गेली. ईस्टरपूर्वीचे उपासाचे शुक्रवार, मांस चालत नाही म्हणून हॉलमध्ये मासे तळत होते, आणि अर्धं गाव हातात कागदी ताटल्या घेऊन रांगेत होतं. त्या चौदा मुलांपैकीच एक, कॉय बॅशम, तिथे येणार हे ठरलेलंच. पलीकडच्या इस्पितळाची रक्तपेढी तोच बघायचा. दाढी छातीपर्यंत आली होती.

"पगाराची चिठ्ठी?" तो म्हणाला. "मॅडम, मी ती बायकोलाही दाखवत नाही."

"मी कुठे म्हणते बायकोला दाखव?"

"आमच्या वेळी तुम्ही पाव मार्कासाठी मला परत रक्ताची काचपट्टी करायला लावली होतीत. आठवतं?"

"ती काचपट्टी जाड झाली होती."

"होती," कॉय म्हणाला, आणि त्याने फोन काढला. मासे थंड होईपर्यंत त्याने आठ जणांना निरोप पाठवले. काहींच्या निरोपात त्याने काय लिहिलं हे मार्लाने विचारलं नाही. रविवार संध्याकाळपर्यंत नऊ चिठ्ठ्या आल्या.

दहावी आली टॅबिथाची. टॅबिथाने वर्षाच्या आत प्रयोगशाळा सोडली होती, टायरच्या दुकानात हिशेब लिहायची. 'अजून अकरा हजारांचं कर्ज आहे,' तिने लिहिलं होतं. 'रक्ताचा वास मला शेवटपर्यंत सोसला नाही, यात तुमची चूक नाही. जोडायची तर जोडा. पण ही चिठ्ठी तुमच्या बाजूने बोलणार नाही.'

"ही राहू दे," गारलंड म्हणाला. "नऊ पुरेत."

"दहा आल्यात."

"मार्ला, आपण कोर्सचे वकील आहोत इथे."

"मी नाही."

तिने दहाही जोडल्या. नव्याने मांडल्यावर मधली कमाई सत्तर हजारांच्या वर गेली, टॅबिथा धरून. मार्लाने रकाने दोनदा तपासले आणि पाठवून दिले. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

सुनावणी मंगळवारी, संगणकाच्या पडद्यावर. राजधानीतल्या माणसाचं नाव ऑगल. तिशीतला, नम्र, मागे मुलांनी काढलेलं डायनोसॉरचं चित्र. त्याने सगळं वाचलेलं होतं, आणि हे मार्लाला सगळ्यांत जास्त आवडलं.

"तुमचं गणित बरोबर आहे," तो म्हणाला. "तो भागाकार मी आमच्या बैठकीत दाखवला. नऊही जण दोन्हीकडे मिळून उत्तम कमावतात."

गारलंडने टेबलाखाली मार्लाच्या बुटाला बूट लावला.

"फक्त एक विचारायचं होतं. चिठ्ठ्यांवर घरचे पत्ते आहेत. नऊपैकी सात पत्ते नदीपलीकडचे आहेत."

मार्लाने समोरचे कागद उलटले. पत्ते होते. प्रत्येक चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात, पगाराच्या आकड्यापासून चार बोटांवर. तिने दहा चिठ्ठ्या दोनदा तपासल्या होत्या, आणि दोन्ही वेळा तिची नजर उजव्या कोपऱ्यात होती.

"रात्री बोलावलं तर वीस मिनिटांत पोहोचावं लागतं," ती म्हणाली. "दोन वर्षं पुलाची एकच बाजू चालू आहे. म्हणून ती मुलं तिकडे राहायला गेली."

"समजू शकतो. पण मग ते राहतात तिकडे, कर बराचसा तिकडे, घरं तिकडे. आमचं राज्य एका विद्यार्थ्यामागे वर्षाला नऊ हजार घालतं. पूर्वीच्या आकड्यात विद्यार्थ्याचं नुकसान दिसत होतं, ते नाहीये, हे तुम्ही सिद्ध केलंत. पण आता राज्याचं नुकसान दिसतंय. आणि कोर्स ठेवायचा तर मला दोन्ही रकान्यांत फायदा दाखवावा लागतो."

"ऑगल, आमच्या गावातल्या बाईला हार्ट अटॅक आला तर रुग्णवाहिका कुठे जाते?"

"पलीकडे, बहुधा."

"बहुधा नाही. पलीकडेच. आमच्या इस्पितळाची प्रयोगशाळा सहा वर्षांपूर्वी तुम्हीच बंद केलीत. तिथे त्या बाईचं रक्त कॉय तपासतो. माझ्याकडे शिकलेला कॉय. हे राज्याचं नुकसान कसं?"

ऑगलने मान हलवली. थट्टा नव्हती त्यात. "खरं आहे ते. ते मी अर्जात कुठे भरू, एवढं फक्त सांगा."

मार्लाला तो अर्ज पाठ होता. चोवीस रकाने. तिने मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे पाहिले.

"शेरा म्हणून लिहा," गारलंड म्हणाला.

"शेरा लिहितो," ऑगल म्हणाला, आणि त्याने खरोखरच लिहिला. ते अधिकच वाईट होतं. कुणी आरडाओरडा केला असता तर मार्लालाही करता आला असता.

निकाल गुरुवारी आला, दोन ओळींचा. प्रवेश स्थगित. दोन वर्षांनी फेरविचार.

"आपण चिठ्ठ्या पाठवल्याच नसत्या तर?" गारलंडने विचारलं.

"तर त्यांनी चुकीच्या कारणासाठी बंद केला असता."

"आणि आता?"

"आता बरोबर आकडे घेऊन बंद केलाय." तिने कागद घडी न घालता कचऱ्याच्या टोपलीत टाकला, मग काढून फाइलमध्ये ठेवला. दोन वर्षांनी लागणार होता. "मला राग कुणाचा येतोय हेच कळत नाही, गारलंड. तो माणूस चांगला होता."

त्या दिवशी तेरा तारीख होती. ती गाडी काढून सुपरमार्केटला गेली. ट्वायला काउंटरमागे पावांना दरांच्या चिठ्ठ्या लावत होती. मार्लाला पाहून तिचे हात थांबले.

"चेहऱ्यावरूनच कळलं," ट्वायला म्हणाली.

"बंद केला. या वर्षी प्रवेश नाही. पुढच्याही नाही." मार्लाने आवाज सपाट ठेवला. "मी तुला त्या दिवशीच सांगायला हवं होतं की टांगती तलवार आहे. सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर मी आठवडाभर आधी झोप घालवली असती. एवढंच." ट्वायलाने एक पाव सरकवला. "पलीकडच्या कॉलेजात हाच कोर्स आहे ना?"

"आहे. चांगला आहे. पण बाहेरच्या राज्यातल्यांना फी वर्षाला अकरा हजार."

"आणि तिथल्यांना?"

"आपल्याएवढीच. पण तिथलं व्हायला वर्षभर तिथे राहावं लागतं." मार्लाने काउंटरवरच बोटाने रेघ मारली, सवयीने. "अकरा हजार भरून आत्ता गेलीस, तर दोन वर्षांत सोळा हजार जास्त जातात. वर्षभर थांबलीस, तर एका वर्षाची वाढीव कमाई हुकते, तीही सोळाच हजार. हिशेबाने दोन्ही सारखंच."

"हिशेबाने असेल. माझ्याकडे सोळा हजार नाहीत, मॅडम. वर्ष आहे."

मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, राय धान्याचा पाव कापून मिळेल का. ट्वायलाने पाव यंत्रात घातला आणि त्या खडखडाटावरून बोलत राहिली.

"पलीकडे आमच्याच दुकानाची शाखा आहे. तिथेही बेकरीला मुख्य हवीय, तीन महिने पाटी लागलीय. बहिणीच्या घरी वरची खोली रिकामी आहे. मॅनेजरला सांगते, पद द्यायचं तर तिकडचं दे. वर्षभर पाव भाजते, मग कॉलेज." तिने पिशवीला गाठ मारून म्हाताऱ्याला दिली. "पास होईन तेव्हा बेचाळीस. परवडतं का?"

मार्लाने मनात मांडून पाहिलं. ट्वायलाचं घरभाडं, ट्वायलाचा कर, तिचा भाजीपाला, तिचं पेट्रोल. सगळं पुलावरून पलीकडे चाललं होतं, आणि ते तिकडे ढकलण्यासाठी राज्याने एक पैसाही खर्च केला नव्हता.

"तुला परवडतं," ती म्हणाली.

"मग झालं. ते लोक शिफारशीचं पत्र मागतात म्हणे. तुम्ही द्याल?"

"मी तुला शिकवलेलं नाही, ट्वायला. काय लिहू?"

"लिहा की मी विचारून घेते."

मार्लाने पर्समधून पेन काढलं, आणि कागद मिळेना तेव्हा ट्वायलाने पावाची एक कोरी पिशवी काउंटरवर ठेवली. मार्लाने त्यावर पलीकडच्या विभागप्रमुखाचं नाव लिहिलं, त्याखाली पत्ता, त्याखाली शेवटची तारीख. मागे रांग वाढत होती.

"सोमवारी येऊन घेऊन जा," ती म्हणाली. "कॉलेजच्या कागदावर लिहीन."