पंकजाची नानकटाई

बायकोच्या स्वयंपाकाला मी आयुष्यात दहापैकी सातच्या वर मार्क दिले नाहीत. मी गणिताचा मास्तर. शाळेतही पैकीच्या पैकी द्यायला माझा हात धजत नाही, पण तिथे निदान उत्तर बरोबर आलं तर द्यावेच लागतात. घरात तसलं काही बंधन नव्हतं. पंकजा ताट वाढायची, माझा पहिला घास होईपर्यंत तिथेच उभी राहायची आणि विचारायची, "कसं झालंय?" मी घास नीट घोळवून निकाल द्यायचो. वरणात हिंग जास्त. भाकरी एका अंगाला कच्ची. दोष काढायला काहीच सापडलं नाही तर "ठीक हाय" म्हणायचो. आमच्या घरात यापेक्षा मोठं बक्षीस नव्हतं.

दहाबारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलो आणि मटण सोडलं. मटण सुटलं, पण माझे जिभेचे चोचले तसेच राहिले. मग सगळा भार भरल्या वांग्यावर, येसर मसाल्याच्या आमटीवर आणि महिन्यातून एकदा वसमत रोडवरच्या हॉटेलातल्या मसाला डोशावर आला. त्या हॉटेलात मात्र मी मोकळ्या मनाने तारीफ करायचो. एकदा तर गल्ल्यावर जाऊन मालकाला म्हणालो, "तुमच्या आचाऱ्याच्या हाताला लय चव हाय बघा." पंकजा मागेच उभी होती. तिने चिमूटभर बडीशेप उचलली.

पुढच्या रविवारी तिने तसाच डोसा घरी केला. खरं सांगतो, हॉटेलपेक्षा चांगला झाला होता. कडा कुरकुरीत, आत मऊ, भाजीत आल्याचा बारीक तिखटपणा. मी तीन खाल्ले आणि म्हणालो, "चटणी पातळ झाली."

असं का करायचो? आमचे वडीलही असेच होते. चांगलं म्हटलं की माणूस ढिला पडतो, असं ते म्हणायचे आणि मीही तेच धरून बसलो. लाज वाटावी असं कारण आहे, पण दुसरं नाही.

पंकजाचा खरा जीव नानकटाईत. लग्न होऊन आली तेव्हापासून दिवाळीच्या आधी ती पीठ, तूप आणि पिठीसाखर घेऊन भट्टीवर जायची. आमच्याकडे बेकरीवाले तेवढ्यापुरती भट्टी लोकांना देतात. आपण आपलं सामान न्यायचं, तिथेच मळायचं, पत्र्यावर गोळे मांडायचे आणि भाजून होईपर्यंत हलायचं नाही. हललं तर आपल्या तुपातली नानकटाई दुसरीच्या डब्यात जाते. पंकजा भट्टीच्या तोंडाशी उभी राहायची आणि नुसत्या वासावरून सांगायची, "काढा आता." भट्टीवालाही तिचं ऐकायचा. पुढे घरात ओव्हन आला, भट्टी सुटली, पण वेळ ती नाकानेच ठरवायची. ओव्हनची घंटा वाजली की म्हणायची, "तिला काय कळतंय."

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी दोघांनाही ताप आला. मी बरा झालो. तीही बरी झाली, पण तिचा वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. गोड, खारट, तिखट एवढं जिभेला कळायचं, त्यापलीकडे काही नाही. फोडणी जळली तरी तिला धूर दिसल्यावर समजायचं. एकदा कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून ती बराच वेळ बसली होती. मग जुडी निवडायला घेतली आणि म्हणाली, "आता तुमीच माझं नाक. खरं सांगत जा."

इथे माझी मती फिरली. इतकी वर्षं खरं सांगून जिला रडवलं नाही पण हसवलंही नाही, तिच्यासमोर आता तरी चांगलं बोलावं असं मी ठरवून टाकलं. त्याचा मुहूर्त नेमका साधला तिच्या भाचीच्या साखरपुड्याला.

भारत म्हणजे पंकजाचा धाकटा भाऊ, वालूरला असतो. त्याच्या पोरीचा साखरपुडा ठरला आणि फोनवर त्याने एकच मागणी केली, "ताई, जेवणाचं आमी बघतो. नानकटाई तेवढी तुझ्या हातची पायजे." वास गेल्यापासून पंकजाने ओव्हन लावला नव्हता. दोन दिवस ती नाहीच म्हणत होती. मग तिने फळीवरची बरणी काढली. चार महिने साय जमवून जमवून कढवलेलं साजूक तूप होतं ते. उन्हाळा होता आणि बरणी खिडकीपाशी होती. तूप खवट झालं होतं. हे कुणालाही झाकण उघडताच कळलं असतं, फक्त तिला कळलं नाही.

साखरपुडा दोन दिवसांवर असताना सकाळी तिने आधी बारा नानकटाया काढल्या. रंग सुरेख आला होता, वर बरोबर भेगा पडल्या होत्या. बशीत दोन ठेवून माझ्यासमोर आणल्या आणि नेहमीसारखी उभी राहिली. "कसं झालंय?"

मी तुकडा तोडला. तोंडात घालायच्या आधीच वास आला. गिळताना घशाला खवखव सुटली. तिच्या हाताला पीठ होतं, कपाळावर घाम होता आणि माझ्या तोंडाकडे बघताना तिने श्वाससुद्धा धरून ठेवला होता. मी म्हणालो, "लय चांगली झालीय."

तिने पुन्हा विचारलं, "खरं?"

"खरंच. दहापैकी दहा."

ती हसली. इतकी मोकळी हसली की मी दुसरी नानकटाईही खाल्ली. मग शाळेत पेपर तपासायला निघून गेलो. मनात म्हटलं, दुपारी आल्यावर काहीतरी निमित्त काढू, दुकानातून दुसरं तूप आणू. दुपारी आलो तेव्हा तीन डबे भरून, झाकणं लावून, कापडाने पुसून ओळीने ठेवलेले होते. ती दमून भिंतीला टेकली होती आणि गुणगुणत होती. तेव्हा सांगायला हवं होतं. संध्याकाळी सांगायला हवं होतं. दुसरा अख्खा दिवस मध्ये होता, तेव्हाही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

वालूरला मांडवात बुद्धवंदना झाली, अंगठ्या घातल्या, टाळ्या झाल्या. मग भारतची बायको बबिता बशा घेऊन फिरायला लागली. चिवडा, पेढा आणि एकेक नानकटाई. भारत मोठ्याने पाहुण्यांना सांगत होता, "आमच्या ताईच्या हातची हाय, खाऊन बघा." पाहुण्यांनी खाऊन बघितली. कुणी काही बोललं नाही. सोयरिकीत बोलतं कोण? एक म्हातारा तोंडातला घास रुमालात घेऊन मांडवाबाहेर गेला.

बशा गोळा करायला पंकजाच उठली. मी पुरुषांत बसलो होतो, तिथून सगळं दिसत होतं. पहिल्या बशीत अर्धी नानकटाई. दुसरीत अर्धी. पुढे कुठे नुसती टोकरलेली, कुठे पेढ्याच्या कागदाखाली लपवलेली. ती एकेक बशी उचलत गेली आणि तिची चाल मंद होत गेली. शेवटी एक उष्टा तुकडा तिने नाकाशी धरला. काही कळणार नव्हतं, हे तिला माहीत होतं, तरी धरला. मग बबिताच्या कानात काहीतरी विचारलं. बबिता आधी नाही नाही म्हणाली आणि नंतर खाली बघत बोलली, "तुपाचा वास येतोय ताई. पण चालतंय की."

परतताना गाडी मी चालवत होतो. सेलू ओलांडल्यावर पंकजा म्हणाली, "तुमाला कळलं नव्हतं?"

खोटं बोलायचं आता त्राण नव्हतं. "कळलं होतं."

"मग?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

ती भांडणाचा सूर न लावता, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. "सत्तावीस वर्षं तुमी नावं ठेवली. मला राग आला न्हाई असं न्हाई, पण ते खरं असायचं. तुमी 'ठीक हाय' म्हणला की मी समजायची, आज जमलं. तेवढ्यावर माझं चालत होतं." पुढे म्हणाली, "चांगलं झालं तवा एकदा म्हणला असता, तर परवा मला खऱ्याखोट्यातला फरक कळला असता."

गाडी चालवत राहिलो. मला त्या रविवारचा डोसा आठवला, त्याआधीचे आणि नंतरचे कितीतरी घास आठवले. ते सगळे मी गपगुमान गिळले होते.

तिने स्वयंपाक सोडला नाही. महिनाभराने ओव्हनही लावला. दुकानातून नवं तूप आणलं, नानकटाया काढल्या, घरभर वेलदोड्याचा वास सुटला. मी पेपर बाजूला ठेवून बसलो. ती बशी घेऊन माझ्यासमोरून मागच्या दारी गेली आणि भिंतीपलीकडच्या सुलाबाईला हाक मारली. सुलाबाई आमची शेजारीण, तोंडाने फटकळ. तिने खाल्ली आणि म्हणाली, "चव झ्याक हाय. खालून जरा करपलीय बघ."

"किती करपलीय?" पंकजाने विचारलं. दोघी त्यावर किती तरी वेळ बोलत राहिल्या, खालचा पत्रा वर घ्यावा की आच कमी करावी.

मग तिने माझी बशी टेबलावर आणून ठेवली आणि आत वळली. मी एक खाल्ली. तोंडात घालताच विरघळली. करपल्याची बारीकशी कडवट चव होती, ती साखरेला उलट शोभत होती. मी तिला थांबवलं आणि म्हणालो, "पंकजा, चांगली झालीय. खरंच चांगली झालीय."

"असंल," ती म्हणाली आणि दुसरा पत्रा लावायला गेली.