घटनासभेला उसनी गेलेली खुर्ची

मी एक लाकडी खुर्ची, मुक्काम शिंप्याचं घर. माझ्यावर बसून तो काजं करतो. तो उठला की त्याची बायको पाठ टेकते. सांगण्यासारखं आयुष्यात एकदाच घडलं, आणि तेव्हाही मी काही केलं नाही. त्यामुळे सांगावं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

आमची वस्ती आपला कारभार आपणच पाहते. वस्तीची घटना बदलायची असेल तर घटनासभा भरते. प्रत्येक गल्लीचा एक प्रतिनिधी. सभापतीची खुर्ची मात्र वस्तीच्या मालकीची नसावी, असा नियम. चिठ्ठी टाकून कुणाच्या तरी घरून ती मागून आणायची, सभा संपली की परत पोचवायची. या खेपेला चिठ्ठी शिंप्याची निघाली.

“मग तोवर मी कशावर बसू?” बायकोनं विचारलं.

“अगं, मान मिळतोय.”

“मान तुम्हाला, कंबर माझी.”

सभापती होते कायदा शिकवून निवृत्त झालेले सर. सभेचे नियम त्यांनीच लिहिलेले, म्हणून त्यांनाच त्यांची धास्ती जास्त. माझ्या कडेला नुसते टेकत आणि कलमं पुटपुटत.

प्रश्न कालव्यापलीकडच्यांचा होता. मागाहून येऊन राहिलेली माणसं. कालवा उपसायला सगळ्यांच्या बरोबरीनं. मताचा अधिकार मात्र नाही. तो द्यावा का, हे ठरायचं होतं. या सभेपुरता त्यांचा एक प्रतिनिधी घेतला होता, त्यांच्यातली दाई. आमच्या गल्लीचा प्रतिनिधी शिंपीच, आणि तो विरोधात होता. मीच त्याची, तेव्हा लपवून काय करू?

एका दुपारी बोलावणं आलं. पाववाल्याची सून अडली होती. पाववाला स्वतः प्रतिनिधी म्हणून समोरच बसलेला. दाई पिशवी उचलून गेली. ती वळणापलीकडे गेली असेल-नसेल, शिंपी उभा राहिला.

“चर्चेचं पार चिपाड झालंय, सर. मी घंटा मागतो.”

कुणीही घंटा मागितली की सभापतींनी ती द्यायलाच हवी. घंटा झाली की दार बंद. आतला बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. ऐन वेळी कुणाला धरून आणता येऊ नये, म्हणून सरांनीच घातलेलं कलम. मग सभापती खुर्चीत बसले की मतं घ्यायची.

सर उठले. कलमं पुटपुटत तासभर घंटेच्या दोरीशी घुटमळले. शेवटी वाजवली, दार लागलं. सर परत माझ्यापाशी आले आणि दारावर थाप पडली.

“मी आलेय. उघडा.”

“उघडता येत नाही, सर,” शिंपी म्हणाला. “कलम तुमचंच आहे.”

“माझंच आहे. उघडणार नाही.”

“मग बसा.”

“बसतो.”

बसले नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवून उभेच.

पाववाला दारापाशी गेला. “दाईबाई, काय झालं हो घरी?”

“मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आता मला आत घ्या.”

तो जागेवर येऊन बसला.

“सर, बसा ना,” कुणीतरी म्हणालं. “गुडघे दुखत असतील.”

“दुखतायत.”

“मग माझ्या घरून खुर्ची आणली कशाला?” शिंप्यानं विचारलं. लोक हसले. सरही कसनुसं हसले.

“सभापतींनी किती वेळात बसावं, हे मी लिहायला विसरलो,” ते म्हणाले. “दिवेलागणीपर्यंत मतं घेतली नाहीत तर घंटा रद्द, दार उघडायचं, उद्या पुन्हा सभा. एवढंच लिहिलंय.”

मग कुणी हसलं नाही. शिंपी चिडला, मग विनवू लागला, मग पेंगला. सर माझ्या पाठीवर हाताचा सगळा भार टाकून उभे होते. पायरीवर बसलेली दाई अधूनमधून खोकत होती. एवढं वजन माझ्यावर कुणी बसून कधी टाकलं नसेल.

दिवे लागले. दार उघडलं. दाई आत आली ती सरळ पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती समोर बसली, सर खुर्चीत बसले, हात वर झाले. पाववाल्याचा हात विरोधातच गेला. मी समोरून पाहिलं. ठराव जेमतेम तरला. कालव्यापलीकडच्यांना मत मिळालं.

शिंप्यानं मला डोक्यावर घेतलं तेव्हा सर जवळ आले. “ही पळवाट बुजवायला हवी,” ते म्हणाले. “काल माझ्या हातात होती. उद्या लबाडाच्या हातात असेल.”

“काल हे सुचलं नाही वाटतं?” शिंपी म्हणाला.

“सुचलं होतं. तरी उभा राहिलो.”

त्यांनी बरोबर केलं का? मी पुष्कळ विचार केला. पक्कं उत्तर नाही.

आता मी घरी आहे. शिंपीणबाईंची कंबर पुन्हा माझ्याकडे आहे. ऐकते की नियम नव्यानं लिहिताहेत, आणि घरोघरची खुर्ची नको, सभागृहासाठी कायमची एक करवून घेऊ म्हणतात. हातांची, मऊ गादीची. करा बापडे. माझं मागणं एवढंच, की ती फार खोल करू नका. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला तिच्यातून आपलं आपण उठता आलं पाहिजे.